पहिली वाफ

शनिवारी दुपारी उर्हो नेहमीसारखा टॉवेल बगलेत मारून आला, बर्फातून पाय ओढत सरळ सौनाकडे, अंगणातल्या लाकडी वाफेच्या खोलीकडे गेला, दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबला. आत भट्टी नव्हती. बाकं होती, लाकडी बादली होती, वाफेत अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी खुंटीला होती. भट्टीच्या जागी जमिनीवर काळा चौकोन उरला होता आणि भिंतीतल्या धुराड्याच्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबला होता.

"राउहा! भट्टी चोरीला गेली!"

"गेली नाही, नेली," गोठ्याच्या दारातून त्याच्या बहिणीचा आवाज आला. "मीच नेली. इकडे गाडीला थंडी वाजत होती."

"आणि मला?"

"तुला स्वेटर आहे."

उर्हो तेव्हा एकाहत्तरचा, राउहा सदुसष्टची. ती वडिलांच्या घरात लेहतोवारा गावात राहायची, तो तिकडे नुर्मेस शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅटला विजेची सौना होती. पण विजेची वाफ कोरडी असते असं म्हणत तो चाळीस वर्षं दर शनिवारी घरी यायचा. सौना तापवायची राउहानं. आधी आत जायचं उर्होनं.

राउहा म्हणजे आमच्या फिनिश भाषेत शांती. युद्ध संपल्यावर जन्मलेल्या पोरींची अशी नावं फार ठेवली गेली, आणि बहुतेकींनी ती बऱ्यापैकी सांभाळलीसुद्धा. ही एक राहिली. आरडाओरडा करणारी ती नव्हेच. आमच्याकडे तसं कुणी करत नाही. ती दात आवळायची आणि हातात जे काम असेल ते दुप्पट जोरानं करायची. तिच्या अंगणातली सरपणाची रास गावात सगळ्यांत उंच का, याचं उत्तर एवढंच आहे.

एकतीस वर्षं तिनं दुधाची लॉरी चालवली. उणे पस्तीसमध्ये ब्रेकची नळी गोठली की थर्मासमधली कॉफी तिच्यावर ओतून नळी सोडवायची, आणि उरलेला दिवस कॉफीवाचून काढायचा. अशा दिवशी तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. लग्न केलं नाही. विचारणारा एक होता; तिनं त्याला एकदा लॉरीत शेजारी बसवून वळणाच्या रस्त्यानं नेलं, त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

गोठ्यात जिला थंडी वाजत होती ती गाडी त्यांच्या बापाची. ओट्टोची पोबेदा, सत्तावन सालची, करड्या रंगाची, पाठ कासवासारखी. ओट्टो ती टॅक्सी म्हणून चालवायचा. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्यातून चर्चला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचजणी पुढं वर्षभरात तिच्यातूनच दवाखान्यात. पोबेदा म्हणजे रशियन भाषेत विजय. त्यामुळं दर शनिवारी त्या अंगणात असा देखावा असायचा: विजय ऐटीत उभा, आणि शांती गुडघ्यांवर बसून त्याची चाकं धुतेय.

कारण शनिवारचा दिवस राउहाचा होता. म्हणजे शनिवारचं काम राउहाचं होतं. सातव्या वर्षापासून. तळ्यातल्या बर्फाच्या भोकातून पाणी काढायचं, लाकडं आत न्यायची, दुपारी भट्टी पेटवायची, आणि भट्टीवरचे दगड तापेपर्यंतचे चार तास वाया जाऊ नयेत म्हणून गाडी धुवायची. चार वाजता ओट्टो आणि उर्हो आत जात. आतून दगडांवरच्या पाण्याचा चर्र असा आवाज येई, मग बापलेकांचं समाधानानं कण्हणं. तासाभरानं ते लालबुंद होऊन बाहेर येत आणि सॉसेज खायला बसत. मग आई आणि राउहा जात. दगड तोवर दमलेले असत. पळीभर पाणी टाकलं तर चर्र होत नसे, नुसता उसासा येई. राउहानं एकदा विचारलं, आम्ही आधी का नाही? ओट्टो म्हणाला, "तुम्हाला कुठं एवढी गरम वाफ सोसते?"

सोसते की नाही, हे कुणी कधी बघितलं नव्हतं.

आणि मग अडुसष्ट सालचा जानेवारी. ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येकाला चुकीची माहीत आहे.

त्या सकाळी ओट्टो दुसऱ्याच्या गाडीतून लाकूडतोडीच्या तळावर गेला होता. आईच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. आठ वाजता ती चुलीपुढं वाकली ती सरळ झालीच नाही. बाहेर उणे एकतीस. उर्हो अठराचा, लायसन्स हातात पडून महिना झालेला. बॅटरी बसलेली. त्यानं इंजिन फिरवायचं हँडल गाडीपुढं लावलं, अंगठा हँडलभोवती गुंडाळून मूठ आवळली आणि फिरवलं. अंगठा असा गुंडाळायचा नसतो. बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. हँडल उलटं फिरलं आणि उजव्या हाताचा अंगठा मोडून गेलं. उर्हो बर्फात बसून रडायला लागला. चौदा वर्षांच्या राउहानं हँडल उचललं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. तिनं आईला आणि भावाला मागच्या सीटवर घातलं, स्वतःच्या पाठीशी सौनातली लाकडी बादली उपडी ठेवली, कारण त्याशिवाय पाय क्लचला पोचत नव्हते, आणि चाळीस किलोमीटर गाडी हाकली. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासाभरानं आला असतात तर आलाच नसता तरी चाललं असतं.

संध्याकाळी ओट्टोनं दोघांना समोर उभं केलं. "चौदा वर्षांच्या पोरीनं टॅक्सी चालवली हे पोलिसांना कळलं तर परवाना जाईल. गाडी उर्होनं नेली. आत्ता असंच सांगायचं. पुढचं पुढं बघू."

पुढं बघायचं राहूनच गेलं. त्र्याऐंशी साली ओट्टो गेला. मृत्युपत्रात घर मुलीला आणि गाडी मुलाला, "कारण त्या गाडीनं आईचा जीव वाचवला, आणि ती त्यानं हाकली." म्हाताऱ्यानं कागदावरसुद्धा तेच लिहिलं. राउहानं ते वाचलं आणि त्या हिवाळ्यात दोन हिवाळ्यांचं सरपण फोडलं. उर्होनं गाडी कोठारात उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि विसरला. गोष्ट मात्र विसरला नाही. लग्नांत सांगितली, साठीच्या समारंभात सांगितली, आईच्या दफनानंतरच्या कॉफीला सांगितली. दर वेळी शेवटी वाकडा अंगठा वर करून दाखवायचा. राउहा तेव्हा लोकांच्या कपांत कॉफी ओतत होती. बशीत एक थेंब सांडला नाही.

गेल्या सप्टेंबरात टेलर्वोच्या दुकानात, कॉफीच्या टेबलाशी, उर्हो म्हणाला की तुर्कू शहरातला एक जुन्या गाड्या जमवणारा पोबेदा घ्यायला तयार आहे.

"मला दे," राउहा म्हणाली.

"तू काय करणार तिचं?"

"चालवणार."

"पोरी, ती दुधाची लॉरी नाही. बसून बसून सडलीय ती. खाली रस्ता दिसतो."

"मग तुला काय फरक पडतो?"

टेबलाशी आणखी चारजण होते आणि चौघंही आपापल्या कपात बघत होते. उर्होला ते लागलं असावं. तो हसून म्हणाला, "बरं. तुर्कूवाल्याला मी वप्पूच्या सणाला बोलावतो, मेच्या एक तारखेला. त्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर या दुकानापुढं आली तर कागद तुझ्या नावावर. नाही आली तर त्याच्या ट्रेलरवर. टेलर्वो साक्षीला."

"साक्षीला," टेलर्वो म्हणाली आणि राउहाच्या बशीत न मागता वेलचीचा पाव ठेवला.

आमच्याकडे ऑक्टोबर ते एप्रिल लोखंडाला हात लावायचा तर आधी त्याच्याभोवती उन्हाळा बांधावा लागतो. राउहानं गोठा निवडला. वीस वर्षांत तिथं गाय नव्हती, पण जमीन सिमेंटची होती, छत बुटकं होतं, आणि पलीकडच्या दूध ठेवायच्या खोलीत, जिथं पूर्वी गुरांचं पाणी तापवायचा हंडा होता, तिथलं धुराडं शाबूत होतं. भिंतीच्या ओंडक्यांमधल्या फटींत तिनं शेवाळ ठोकलं. माळ्यावर हातभर भुसा पसरला. खिडक्यांना दुहेरी प्लास्टिक, मोठ्या दाराला लॉरीची जुनी ताडपत्री आणि आतून दोन गोधड्या. शेणाच्या नालीवर गाडी अशी उभी केली की नालीतून पाठीवर सरकत गाडीखाली जाता यावं. गाईंनी इतकी वर्षं काय सोय करून ठेवली होती, हे तिला आत्ता कळलं.

ऊब आणायला आधी शेजाऱ्याचा गॅसवर गरम हवा फेकणारा भोंगा आणला. तासाभरात गोठा छान गरम झाला, दोन तासांनी भिंती रडायला लागल्या. गाडीच्या टपावरून थेंब ओघळत होते. राउहा शिव्या देत टप पुसत बसली आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं: गॅस जळतो तेव्हा पाण्याची वाफ सोडतो. लोखंडाला थंडी चालते, ओल चालत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आत्ता गरम, मग गार, मग परत गरम. म्हणजे धुराडं असलेली कोरडी आग हवी, आणि विझल्यावरही सकाळपर्यंत टिकेल अशी ऊब हवी. दुपारी तापवलं तर सकाळपर्यंत गरम राहतं असं अंगणात काय आहे?

दगड.

ओट्टोनं तेलाच्या पिंपातून बनवलेली ती भट्टी तिनं घसरगाडीवर घालून एकटीनं नेली. भट्टी एका खेपेत, दगड तीन खेपांत. दुधाच्या खोलीत बसवली, मधल्या विटांच्या भिंतीपलीकडे गाडी, दोन्हींमध्ये नुसती दाराची चौकट. पेट्रोलची टाकी काढून लांब सरपणाच्या छपरात ठेवली. भट्टीच्या बगलेला पाण्याची टाकी होतीच. तिच्यातलं कोमट पाणी लाकडी पळीनं हातावर घेतलं की ग्रीस निघायचं. सौनातला तापमापकही तिनं आणून टांगला.

"अठरा?" उर्हो तो बघून म्हणाला. "हे काय तापमान झालं? अठराला लोक मरतात."

"लोक मरत असतील. लोखंड जगतं."

तरी तो येत राहिला. शनिवारचे पाय त्याला शहरात ठरत नव्हते. दुधाच्या उपड्या कॅनवर, भट्टीसमोर, गंजिफ्रॉकवर बसायचा आणि सूचना करायचा. राउहा नालीत पाठीवर पडून काम करायची आणि उत्तर द्यायची नाही. नाताळपर्यंत इंजिन सुटं होऊन परत जुळलं. जानेवारीत तिनं सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. मग पाच आठवडे ती गाडी घासत होती. करडा रंग, त्याखालचा काळा रंग, त्याखालचा गंज, सगळं काढत उघड्या, चकचकीत लोखंडापर्यंत. उघडं लोखंड हे नवजात पोरासारखं असतं. नुसता बोटाचा घाम लागला तरी उद्या तिथं तांबडा ठसा. ती हातमोजे घालून त्याच्याजवळ जायची आणि खोकताना तोंड फिरवायची.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. बाहेर उणे चोवीस. गाडी पुसून तयार होती. आता गंजरोधक रंगाचा पहिला हात. रंगाचे डबे गार असून चालत नाहीत म्हणून राउहानं ते रात्रभर स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी ठेवले होते. ते आणायला ती घरात गेली. उर्हो कॅनवर बसला होता.

एकेक डबा एकेका काखेत घेऊन ती अंगणात आली आणि तिला तो आवाज ऐकू आला.

चर्र.

या देशात पाळण्यातल्या पोरालाही तो आवाज ओळखू येतो. किटलीतली वाफ वेगळी आणि दगडांवरची वाफ वेगळी. आमच्या भाषेत दोघींना दोन नावं आहेत. राउहा उभ्या जागी थांबली. दुसऱ्यांदा चर्र झालं. ती पळाली तेव्हा तिसऱ्यांदा झालं.

तिनं दार उघडलं तसा पांढरा लोट अंगावर आला. आत उर्हो डोळे मिटून बसला होता, पळी मांडीवर, चेहरा लाल, ओठांवर तेच शनिवारचं हसू. त्यानं एक डोळा उघडला.

"दार लाव, पोरी. वाफ जातेय."

राउहा त्याच्या बाजूनं गाडीपाशी गेली. टप, दारं, बॉनेट, मडगार्ड, सगळ्या लोखंडाला घाम फुटला होता. थेंबाला थेंब मिळून ओघळ चालले होते.

"ते उघडं आहे," ती म्हणाली.

"काय उघडं?"

"लोखंड! उघडं आहे ते! पाच आठवडे, उर्हो! पाच आठवडे मी—"

"दोन पळ्या तर टाकल्या."

"तीन! अंगणात ऐकल्या मी!"

"अगं, हात आपोआप गेला. दगड तापलेले, पळी हाताशी. कुणाचाही गेला असता."

"माझा नाही गेला! नोव्हेंबरपासून रोज या दगडांशी हात धुतेय मी. माझा एकदाही गेला नाही. माझा जाईल कसा? मी फक्त तापवायचं. वाफ घ्यायची तुम्ही!"

तिनं फडकी घेतली, ती भिजली. घरातून चादरी आणल्या, उशांचे अभ्रे आणले. उर्होनं भीत भीत आपला टॉवेल पुढं केला. तो तिनं ओढून घेतला. पण लोखंड आतून गार होतं आणि पुसलेल्या जागी पुन्हा ओल धरत होती. तासाभरात टपावर पहिला डाग उमटला, चहा सांडल्यासारखा. मग दारांवर. मग सगळीकडं.

उर्हो बघत होता. त्याला वाईट वाटत होतं हे खरं. पण वाईट वाटलं की माणूस गप्प बसेलच असं नाही.

"जाऊ दे आता," तो म्हणाला. "वप्पूपर्यंत काही होत नाही. तू प्रयत्न केलास, सगळ्यांनी बघितलं. तुर्कूवाला चांगली ठेवेल तिला. मला काय दुःख होत नाही होय? याच गाडीतून आईला घेऊन गेलो मी. हा बघ," आणि त्यानं वाकडा अंगठा वर केला.

राउहानं हातातली ओली चादर खाली ठेवली. फार सावकाश ठेवली.

"गाडीत बस."

"आं?"

"बस. पुढं. स्टिअरिंगमागं."

तिचा आवाज इतका खाली आला होता की तो बसला.

"हा अंगठा त्या दिवशी मोडला."

"हो. हँडल लावताना."

"म्हणजे निघायच्या आधी."

"हो ना. तेच तर सांगतो मी दर वेळी."

"बिटासारखा सुजला होता. चमचा धरवत नव्हता तुला. महिनाभर आईनं, टाके घातलेल्या आईनं, तुला पाव कापून दिला. आठवतं?"

"आठवतं."

"मग मला सांग," राउहा खिडकीतून वाकली. "चाळीस किलोमीटर, दोन चढ, एक घाट. गिअरचा दांडा हा इथं, उजवीकडं. गिअर कुठल्या हातानं टाकलास?"

उर्होचा उजवा हात दांड्याकडं गेला. बोटं वळली, अंगठा वळला नाही. त्यानं डावा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि आडवा नेऊन बघितला. परत खाली ठेवला. टपावरून बॉनेटवर थेंब पडत होते, टप, टप. त्यानं मान वळवून मागच्या सीटकडं बघितलं आणि बघतच राहिला.

मग तो उतरला, कोट घातला आणि निघून गेला. टॉवेल तिथंच राहिला.

राउहानं ती पळी भट्टीत घातली. जळताना बघत उभी राहिली.

पुढचा सगळा आठवडा ती घासत होती. टेलर्वो भाताचं सारण भरलेले गरम पिराक्के घेऊन आली आणि दारातूनच ठेवून गेली. तोंड बघून आत यायचं धाडस तिला झालं नाही. राउहाला राग वाफेचा होता, डागांचा होता, पण त्याहून मोठा राग वेगळाच होता. उर्हो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं ती त्याला लबाड समजून त्याच्यावर चिडत होती. लबाडावर चिडायला बरं असतं. आणि हा बाबा तिचा तो दिवस घेऊन गेला, दुसऱ्याचा कोट उचलून न्यावा तसा, आपलाच समजून!

शनिवारी तो आला. जुन्या डगल्यात, टॉवेलशिवाय.

"कागद दे," तो म्हणाला.

तिनं घासायचा कागद दिला आणि डावं मागचं दार दाखवलं. तो गुडघे धरत खाली बसला.

"गोल नको. सरळ."

त्यानं सरळ घासलं. दोन तासांनी तिनं येऊन हातमोज्याचं बोट फिरवलं. "परत." त्यानं परत केलं. "कोपऱ्यात तुझा बाप घासणार?" कोपरे केले. तीन शनिवार असे गेले, मग तो बुधवारीही यायला लागला. अडुसष्ट सालाबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत. राउहा निवळली असं कुणाला वाटेल, तर नाही. त्यानं कॉफी मागितली की ती किटलीकडे बोट दाखवायची. पण मार्चमध्ये गंजरोधक रंग लागला, एप्रिलमध्ये करडा, आणि शेवटच्या आठवड्यात तपासणीवाल्यांकडून रस्त्यावर न्यायचा एका दिवसाचा परवानाही आला.

वप्पूच्या सकाळी अंगणात चिखल आणि बर्फ अर्धा अर्धा होता. उर्हो हँडल घेऊन गाडीपुढं गेला.

"सरक," राउहा म्हणाली.

तिनं हँडल लावलं, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला आणि फिरवलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. ती स्टिअरिंगमागं बसली. शेजारचं दार उघडायची वाट बघत होती, तर मागचं उघडलं. उर्हो आत शिरला आणि मागच्या सीटवर बसला.

तिनं आरशात बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिनं गिअर टाकला.

टेलर्वोच्या दुकानापुढं अर्धं गाव जमलं होतं, डोक्यावर सणाच्या रीतीप्रमाणं शाळा संपताना मिळालेल्या पांढऱ्या टोप्या, हातात साखर पेरलेले डोनट. तुर्कूवाला आपल्या ट्रेलरजवळ उभा होता. माणूस सभ्य. गाडीभोवती फिरला, टोपी काढली.

"कमाल आहे," तो उर्होला म्हणाला. "फोनवर तुम्ही सांगितलं होतं ना, हिच्यातूनच तुम्ही आईला दवाखान्यात नेलं?"

उर्होनं सवयीनं उजवा हात वर केला. अंगठ्याकडं बघितलं. हात खाली घेतला.

"मी मागं होतो," तो म्हणाला. "अंगठा मोडला होता. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी रडत होतो. गाडी हिनं चालवली. चौदा वर्षांची होती. पाठीशी बादली ठेवून."

टेलर्वोच्या हातातल्या डोनटची साखर खाली सांडत होती.

"तू तर आईच्या दफनाला सांगितलंस—" ती म्हणाली.

"सांगितलं. मला तसंच आठवत होतं."

दुकानाच्या गल्ल्यावर त्यानं कागदांवर सही केली. पेन धरायला त्याला नेहमीच जरा त्रास व्हायचा. त्या दिवशी राउहानं तो नीट बघितला. कागद घडी करून तिनं कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

"त्रेपन्न वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"ही माफी होती?"

"होती."

"पुरत नाही."

"मला वाटलंच. मग?"

"शनिवारी ये. लवकर."

मेच्या दुसऱ्या शनिवारी तो सकाळीच आला. भट्टी आणि दगड त्यानं परत सौनात नेले. घसरगाडीला आता बर्फ नव्हता, म्हणून हातगाडीवरून, चार खेपांत आणि बऱ्याच शिव्यांत. तळ्यावरून पाणी आणलं. लाकडं आत रचली, पेटवली, धूर डोळ्यांत घेतला. राउहा पायरीवर बसून कॉफी पीत होती आणि आपली गाडी न्याहाळत होती. दुपारी तिनं ती धुतली. तेवढं काम तिनं कुणाला दिलं नाही.

चारला दगड तापले. उर्होनं दोरीवरचा आपला टॉवेल ओढला, पाय सौनाकडं वळले, आणि दोन पावलांवर तो थबकला.

"जा ना," राउहा म्हणाली. "जातोस की काय?"

"नाही, मी आपला... टॉवेल वाळला का बघत होतो." त्यानं डगल्यातून काहीतरी काढलं. नवी पळी होती, बर्चच्या लाकडाची, स्वतः कोरलेली. दांडा एका बाजूला वाकडा झाला होता.

"वाकडी आहे."

"अंगठ्यामुळं."

राउहा पळी घेऊन आत गेली. सगळ्यांत वरच्या बाकावर बसली, जिथं ओट्टो बसायचा. पळीभर पाणी घेतलं आणि दगडांवर टाकलं. चर्र झालं, असं की भिंती थरारल्या. वाफ छताला लागून खाली आली, कान, मान, पाठ भाजत गेली, आणि तिनं दात आवळले, मग सोडले. सोसते. अगदी आरामात सोसते. तिनं दुसरी पळी टाकली, मग तिसरी. डोळ्यांतून पाणी येत होतं. आत सगळ्यांच्याच येतं.

बाहेर पायरीवर उर्हो खाकरला. थोड्या वेळानं परत खाकरला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेवटी दार बोटभर उघडलं आणि फटीत त्याचं नाक दिसलं.

"राउहा, अजून किती वेळ? दगड दमतील."

राउहानं पळी बादलीत बुडवली.

"दार लाव, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "वाफ जातेय."